वहिनीच्या दिनारोळ्या

वहिनी,

तुझं तेरावं परवा पार पडलं. आधी कामाचं सांगते, कारण तू असतीस तर आधी तेच विचारलं असतंस. भात कमी पडला नाही आणि उरलाही नाही. केळीची पानं आपल्याच कुळागरातली पुरली. खिरीचा टोप खाली लागला नाही. भटजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं, पण त्यांनी काही गाळलं नाही, मी शेजारीच उभी होते. दादा दिवसभर ताठ बसून होते. श्रेया रडली, पण आत, माझ्याजवळ. बाहेर आली तेव्हा तोंड धुऊन आली. पोर तुझीच आहे.

आता दिनारोळ्यांचं. त्या तेराव्याच्या पानात वाढायच्या की नाही, हा आपला शेवटचा वाद, आणि तो अर्ध्यावर टाकून तू गेलीस. वाद अर्धा टाकायची तुझी सवय नव्हती. आमटी चुलीवर ठेवून, उकळी येईपर्यंत भांडून, झाकण ठेवताना मिटवून टाकायचीस. म्हणून हे लिहिते आहे. काय झालं ते तुला कळायला हवं.

घरी येणारी माणसं विचारतात, वय किती होतं, दुखणं काय होतं, कुठे ठेवलं होतं. मी सांगते. इथे ते पुन्हा लिहीत नाही. थोरल्या जावेला मी खरं तर अहो-जाहो करायला हवं, पण आपल्याकडे पेडण्यात तोंडात ‘तू’च येतं, मग समोर सासू असो की तालुक्याचा साहेब. इतकी वर्षं तू म्हटलं, आता तुम्ही म्हटलं तर तू मागे वळून बघशील, कोणाला हाक मारते म्हणून.

पार्शाच्या आपल्या घरात पावाला हद्द होती. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला की पाव घ्यायचा अंगणात आणि खायचा पडवीत. चहाचा पेला बाहेर न्यायचा, पाव आत आणायचा नाही. आईला, म्हणजे आपल्या सासूला, कारण विचारलं तर ती एवढंच सांगायची की तिच्या सासूने ही रीत घालून दिली. जुन्या माणसांच्या लेखी पाव खाणं म्हणजे बाटणं होतं. शिवाय पाव फुगतो तो माडाच्या सुरेने, आणि सूर म्हणजे माडी, ती देवाच्या घरात कशी आणायची? आई स्वतः पडवीतही पाव खात नसे. मुलगे बाहेर बसून चहात बुडवून खायचे तेव्हा ती दारात उभी राहून बघायची आणि चुरा आत आणू नका म्हणून बजावायची.

मी लग्न होऊन आले तेव्हा सवयीप्रमाणे एका कागदावर लिहून काढलं, या घरात काय चालतं आणि काय चालत नाही. तो कागद तुझ्या हाती लागला. तू उभ्या उभ्या सगळा वाचलास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "पावाचां पेन्सिलीन लिव गो, यादीबाय. खोडूचां लागतलां."

तेव्हापासून मी यादीबाय. कचेरीत मला सगळे मॅडम म्हणतात, घरी मी यादीबाय. आता तसं म्हणणारं कोणी उरलं नाही. श्रेयाने परवा म्हणून बघितलं, तिला जमलं नाही.

तुझे वडील डिचोलीकडच्या एका खाणीवर साहेब लोकांच्या मेसमध्ये आचारी होते. साहेबांना रात्री सूपाबरोबर लहान मऊ पाव लागायचे. तिथल्या जुन्या कुकाने ते तुझ्या वडिलांना शिकवले. कुक त्यांना डिनर रोल म्हणायचा. वडील रविवारी घरी आले की मुलांसाठी तेच करायचे, आणि तुझ्या आजीच्या तोंडात डिनर रोल बसेना. तिने त्याची दिनारोळी केली. आपली नारळाच्या गोड रसात बुडवायची खापरोळी असते, तशी दिनारोळी. मग नावापाठोपाठ बाकीचंही बदललं. लोण्याच्या जागी घरचं तूप आलं, दुधाच्या जागी नारळाचा घट्ट रस, पाकिटातल्या यीस्टच्या जागी शेजारच्या रेंदेराची, म्हणजे माड उतरणाऱ्याची, सूर. तू ही कृती घेऊन पार्शाला आलीस तेव्हा त्यात साहेबाचं काही राहिलं नव्हतं. तू अभिमानाने सांगायचीस, "साहेब गेलो, दिनारोळी रवली."

पहिल्यांदा तू त्या केल्यास तेव्हा मी नवीनच होते. तू मागच्या दारी तीन दगडांवर जाड बुडाचा टोप ठेवला होतास, झाकणावर करवंट्यांचे निखारे, खाली निखारे. वास पुढच्या दारापर्यंत गेला आणि आई मागे आली. तेव्हाचं बोलणं मला अजून शब्दाला शब्द येतं, कारण मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि आता घरात भांडण होणार याची वाट बघत होते.

"काय भाजतंस गो?"

"दिनारोळ्यो."

"खंयच्यो त्यो?"

"आमच्या डिचोलेच्यो. खापरोळ्यो कश्यो, तश्यो."

आईने झाकणाकडे बघितलं. "पाव न्हय मगो?"

"पाव पोदेर करता. मी काय पोदेर?"

झाकणावरचा एक निखारा निसटून खाली पडला होता, तो आईने काठीने परत वर सरकवला आणि आत गेली. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस की दाराआड उभं राहायचं तर बांगड्या वर सरकवून उभं राहावं, वाजतात.

त्या दिवशी दिनारोळ्या मागच्या दारी खाल्ल्या. आईने खाल्ली नाही, पण करू नकोस असंही म्हटलं नाही. तेवढं तुला पुरलं. तू तिच्याशी वाद घातला नाहीस, तिच्या सासूच्या रीतीला हसली नाहीस, दादांना, स्वतःच्या नवऱ्याला, मध्ये घातलं नाहीस. पुढच्या खेपेला टोप मागच्या दाराच्या पायरीवर आला. पावसात निखारे विझतात म्हणून तो पायरीवरून आतल्या ओट्यावर आला. मुलांच्या शाळेच्या डब्यात दिनारोळ्या जायला लागल्या आणि डबे भरायचे म्हणजे स्वयंपाकघरातच भरायचे. मी पगारातून ओव्हन घेतला तेव्हा तो ठेवायला जागा एकच होती, देवघराच्या भिंतीला लागून. तू आईला विचारलंस, हंय ठेवू? आई म्हणाली, वायर तिथपर्यंत पावता तर ठेव. मी तो कागद काढला आणि पावाची ओळ खोडली. पेन्सिलीचीच होती.

तुझ्या हाताखाली मी त्या शिकले, पण शिकवणं तुला जमत नव्हतं. तू म्हणायचीस मैदा अदमासाने, सूर लागेल तशी, रस पिठाला विचारून. मी तुझ्या ओंजळीखाली वजनकाटा धरला, दर खेपेला मापून लिहून ठेवलं, आणि चार-पाच खेपांचा मेळ बसवून एक माप काढलं. मला वाटलं तू चिडशील. तू कागद घेतलास, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलास आणि त्यानंतर स्वतः मापूनच करू लागलीस. म्हणालीस, उगीच हाताला ताप कशाला. वहिनी, तुझं हे मला फार आवडायचं. नवीन सोयीची गोष्ट दिसली की तू ती लगेच आपली करायचीस.

पण गोळे वळणं कागदावर उतरलं नाही. गोळा घ्यायचा, कडा खाली आत ओढायच्या, पाठ ताणून गुळगुळीत करायची आणि थाळ्यात एकीला एक खेटून बसवायच्या, म्हणजे फुगताना आडव्या पसरत नाहीत, वर येतात. "पोट आत, पाठ ताठ," असं तू म्हणायचीस आणि लगेच माझ्या पाठीत बोट टोचायचीस, कारण कचेरीत बसून मला पोक आलं होतं. वरून नारळाच्या रसात गूळ विरघळवून ते बोटांनी फिरवायचं. थाळ्याखाली केळीचं पान. बाहेर काढल्या की गरम असतानाच ओढून सुट्या करायच्या. जोडलेल्या कडेला जो मऊ पांढरा भाग दिसतो, तो बघून तू दर वेळी एक श्वास सोडायचीस. इतक्या वर्षांनंतरही दर वेळी.

आणि तो चुन्याचा दिवस. श्रेयाला बघायला म्हापशाहून पाहुणे यायचे होते. आपला नेहमीचा पांडू रेंदेर गावाला गेला होता, त्याच्या भावाने सूर आणून दिली. तू पहाटे पीठ भिजवलंस आणि दुपार होत आली तरी ते दगडासारखं तसंच. मी तापमान, पिठाची जात, सगळं तपासून पाहिलं. तू उरलेली सूर बोटाने जिभेला लावलीस आणि हसत सुटलीस. गोड लागली. माडाचा गूळ करायचा असला की सूर आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. त्या भावाने गुळाच्या मडक्यातली सूर आपल्याला दिली होती. ती दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली असती तरी पीठ हललं नसतं.

पाहुण्यांची गाडी धारगळच्या हायवेला लागल्याचा फोन आला होता. मी बेकरीतून काही आणायला स्कूटर काढत होते. तू मला थांबवलंस. त्याच पिठाचे लहान लहान पातळ गोल थापलेस, बिडाच्या तव्यावर तुपात भाजलेस, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात सोडलेस आणि बाहेर नेऊन ठेवलेस. व्याह्यांनी विचारलं, काय हे? तू म्हणालीस, खापरोळ्या. त्यांनी मागून घेतल्या. आणि आई, जिला दिनारोळीला बोट लावताना मी कधी बघितलं नव्हतं, ती चारचौघांत दोन खापरोळ्या खाऊन बसली. पीठ तेच, सूर तीच. तू रसाचं भांडं घेऊन आत आलीस आणि ओट्याला टेकून तोंडात पदर धरून हसलीस. श्रेयाचं लग्न तिथेच ठरलं. त्या माणसांना आजवर कळलेलं नाही की त्यांनी खाल्ली ती फसलेली दिनारोळी होती.

इतकं सगळं तू मिळवलंस, एकाही माणसाला न दुखावता. म्हणून त्या शेवटच्या वादात मला तुझा राग आला.

तू यातून बरी होणार नाहीस हे तुला आमच्याआधी कळलं होतं. एका दुपारी मला हाक मारून बसवलंस आणि म्हणालीस, लिव. मला वाटलं औषधं. तू तुझ्या तेराव्याचा स्वयंपाक सांगायला लागलीस. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, भाजी भोपळ्याची कर, बटाट्याची नको, ती उन्हात आंबते. मी चिडले, पण लिहीत गेले, कारण मी नसतं लिहिलं तर तू श्रेयाला बसवलं असतंस. शेवटी मी माझ्या मनाने लिहिलं, दिनारोळ्या. तू चष्मा मागून घेतलास आणि वाचलंस.

"दिनारोळ्यो खोड."

मी विचारलं, का? तू म्हणालीस पानात नको. मी तुला तुझीच गोष्ट सांगितली, अंगणापासून देवघराच्या भिंतीपर्यंतची. म्हटलं, एवढी वर्षं एकेक पाऊल आत आलीस आणि शेवटचं पाऊल स्वतःच टाकत नाहीस? तुझ्या नावाचं जेवण आणि त्यात तुझ्या हातचं काही नाही? तू म्हणालीस, तेराव्याला सगळं गोत जमतं, सुरेचा पाव पानात दिसला की लोक आईला बोलतील. या वयात तिने ऐकून घ्यायचं? मी म्हटलं, आईचां आई बघतली.

तू उशीवर डोकं टेकलंस. "तुका सगळां कळना गो, यादीबाय."

माझं उत्तर तयार होतं. तेवढ्यात दादा डॉक्टरांना घेऊन आले आणि मी खोलीबाहेर गेले. मग ताप चढला, मग आपण बोललो ते पाण्याचं आणि कुशीवर वळवायचंच बोललो. माझं उत्तर राहिलं.

तुझा शब्द मी मोडला नाही. खोडलं ते खोडलं. पण त्या दिवशी घरात दिनारोळी भाजलीच जाऊ नये, हे मला जमणार नव्हतं. मग मी मधली वाट काढली. करायच्या, टोपलीत घालून वर फडकं टाकून पडवीत ठेवायच्या. पानात वाढायच्या नाहीत. ज्याला हवी त्याने जाता जाता घ्यावी. कोणी काही बोलणार नाही, कारण पडवीत पाव चालतोच. मला ही वाट चांगली वाटली. आदल्या दिवशी मी ती श्रेयाला सांगितली. ती भांडी पुसत होती.

"म्हणजे आईचां सगळां काम परत पडवीत, काकी?"

मी तिला म्हटलं, तुझ्या आईचीच इच्छा. ती पुन्हा भांडी पुसायला लागली. पण रात्रभर मला तेच ऐकू येत राहिलं.

सूर घेऊन पांडू स्वतः आला. अंगणातच उभा राहिला, डोळे पुसले आणि आधी स्वतः एक घोट घेऊन दाखवला, चुना नाही म्हणून. त्याला तो म्हापशाच्या पाहुण्यांचा दिवस लागून राहिला आहे. पीठ मी भिजवलं, गोळे श्रेयाने वळले. तिच्या हाताला तुझं वळण आहे, कडा आत घेताना अंगठा तसाच दुमडते. मी ओलं फडकं टाकून पीठ झाकलं आणि भाज्या चिरायला गेले, पण खरं सांगते, मला काही सुचत नव्हतं. भटजी अंगणात मंत्र म्हणत होते आणि मी दर थोड्या वेळाने फडक्याची कड उचलत होते. सगळं गोत जमलेलं, आणि तुझ्या घरात तुझं पीठ फुगलं नाही असं झालं असतं तर मी पुन्हा कधी त्याला हात लावला नसता. मग एकदा कड उचलली तर फडकं पिठाला चिकटून वर आलं. श्रेया माझ्या मागे उभी होती. तिने ओव्हन लावला.

दोन थाळे भाजले. टोपली पडवीत कोपऱ्यातल्या बाकावर ठेवली. अंगणात मांडवाखाली पंगत बसली. तुझ्या नावाचं पान वेगळं, भिंतीशी, त्यावर सगळं वाढून झालं होतं. आई पडवीत आपल्या खुर्चीत बसली होती, टोपलीपासून हातभर अंतरावर. मी वाढणाऱ्या मुलींना कोणी काय घ्यायचं ते सांगत होते आणि माझी पाठ पडवीकडे होती. एकदम सगळे गप्प झाले म्हणून मी वळले.

आई उठली होती. काठी तिने खुर्चीला टेकवून ठेवली होती आणि टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. श्रेया धावली, तिने टोपली घ्यायला हात केला, आईने ती दिली नाही, श्रेयाचा फक्त खांदा घेतला. पडवीच्या पायऱ्या उतरून ती अंगणात आली, भिंतीपाशी गेली आणि तुझ्या पानात, खिरीच्या शेजारी, एक दिनारोळी ठेवली. मग पंगतीच्या सुरुवातीला आली आणि वाढायला लागली.

पहिल्याच रांगेत धारगळचा मामा होता. आईचा सख्खा भाऊ, त्यामुळे तिला विचारायचं धाडस त्यालाच.

"आक्का, हो पाव न्हय?"

मी पुढे झाले. दिनारोळी म्हणून सांगणार होते, शब्द ओठांवर होता. आई माझ्याआधी बोलली, आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी मोठ्याने, शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाईल अशी.

"पावच. आमच्या थोरल्या सुनेन ह्या घरात आणलो."

मामा म्हणाला, "सूर आसतली मगे ह्यात."

"आसा. तू रोज सांजवेळार कितली घेतंस ती कोणी विचारली?"

वहिनी, तुझ्या तेराव्याला पंगत हसली. मामा सगळ्यांत जास्त हसला आणि त्याने दोन मागून घेतल्या. आई एकेका पानापुढे थांबत गेली. कोणी नको म्हटलं नाही. भटजींनी पान झाकायला हात पुढे केला होता, तो त्यांनी मागे घेतला. मग खाल्ली की नाही ते मी मुद्दाम बघितलं नाही. दादांच्या पानापाशी ती आली तेव्हा दादांनी मान वर केली नाही, नुसती ओंजळ पुढे केली, लहान मुलासारखी. तिने त्यांच्या ओंजळीत ठेवली. दिवसभर ताठ बसलेला तो माणूस तेव्हा वाकला.

मी तिथे खांबाला धरून उभी होते आणि मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. मला तुझा अभिमान वाटला. मेसमधून निघालेल्या, साहेबाच्या भाषेतलं नाव मोडून घेतलेल्या त्या एवढ्याशा पावाला तू या घराच्या पंगतीत आणून बसवलंस. त्यासाठी तुला कधी आवाज चढवावा लागला नाही. तू रेटून काही केलं नाहीस, आणि तरी राहिलं काहीच नाही. मला कचेरीत साधी टेबलांची जागा बदलायची तर तीन माणसं रुसतात.

शेवटी आम्ही बायका आत जेवायला बसलो. आई, मी, श्रेया. टोपलीत थोड्या उरल्या होत्या. आईच्या पानात वाढायची की नाही, मला कळेना. तिने स्वतःच हात घालून एक घेतली, मोडली, कडेचा मऊ भाग आधी तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिली. श्रेयाने जेवण थांबवलं होतं. मीही.

"मीठ कमी," आई म्हणाली. "तिचां बरोबर आसायचां."

एवढं बोलून ती उरलेला तुकडा खायला लागली.

मी माझ्या पानाकडे बघत बसले. किती वर्षं? आमच्यापैकी कोणी तिला कधी खाताना बघितलं नाही. मी तर याच घरात, याच स्वयंपाकघरात, सगळ्याचा हिशेब ठेवणारी. म्हणजे तू तिला देत होतीस, कधी आणि कुठे ते तुम्हा दोघींना ठाऊक, आणि मला, दादांना, श्रेयाला कुणाला कळू दिलं नाहीस. लोकांच्या बोलण्याची तुला भीती नव्हती. पानात दिनारोळी आली असती तर कोणीतरी हसत आईला विचारलं असतं, तू खाल्लीस की नाही गे? आणि त्या माणसाला खोटं सांगायची पाळी तिच्यावर आली असती. सासूच्या रीतीत आयुष्य काढलेली बाई ती. तिचं हे एवढंसं राखायला तू तुझ्या तेराव्याचं पान मोकळं ठेवायला निघाली होतीस. तुका सगळां कळना, म्हणालीस. खरंच कळलं नव्हतं.

पण माझंही तेवढंच खरं होतं, वहिनी. आईचां आई बघतली, असं मी म्हटलं होतं. आणि तिने बघितलं, सगळ्या गोतासमोर, पहिल्या पानापासून. वाद कोण जिंकलं ते आता ठरवायला तू नाहीस. मला वाटतं दोघीही जिंकलो, पण तू हे कबूल केलं नसतंस.

आईला मी काही विचारलं नाही, विचारणारही नाही. आज सकाळी तिनेच हाक मारली. रविवारी पुन्हा कर म्हणाली, आणि पीठ भिजवताना तिची खुर्ची पडवीतून उचलून आत ओट्याजवळ आणायची. मिठाचं ती सांगणार आहे.